बिऱ्हाडांच्या मोहितेबाई

घर सुटलेलं कुटुंब दारात आलं की मोहितेबाई पहिला प्रश्न विचारत, "चूल कुठे होती?"

घर कुठे होतं, असं त्या विचारत नसत. घर विचारलं की माणसं गोंधळतात, असा त्यांचा अनुभव होता. कुणी गावाचं नाव सांगतं, कुणी मालकाचं, कुणी रडायला लागतं. चूल विचारली की बाईमाणूस नेमकं सांगतं. मागच्या पडवीत, उजव्या हाताला, खिडकीखाली. गॅस होता, पण सिलिंडर संपल्यापासून विटा मांडल्या होत्या. एवढं सांगेपर्यंत आवाज ठिकाणावर येतो. मग मोहितेबाई समोरचा कागद ओढून घेत आणि म्हणत, "हां. आता नाव सांगा."

बाई गेल्या त्याला या थंडीत वर्ष झालं. गावातल्या एका सभागृहात त्यांच्यासाठी सभा झाली. त्यांना बेघरांची माउली म्हटलं गेलं, त्यागमूर्ती म्हटलं गेलं. त्यांनी हे ऐकलं असतं तर बोलणाऱ्याला समोर बसवून त्याचं रेशनकार्ड कुठल्या पत्त्यावर आहे, एवढंच विचारलं असतं. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठलो नाही. उभं राहून बोलणं मला जमत नाही. सावकाश लिहिणं जमतं, म्हणून लिहितो आहे.

मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडून वर चढणाऱ्या रस्त्यालगत बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना आहे. कारखान्याच्या मागे कामगारांसाठी बांधलेल्या दहा खोल्यांची चाळ आहे. मालकाच्या वारसांनी ती एका छोट्या न्यासाला वापरायला दिली आणि न्यासाने तिथे घर गमावलेल्या कुटुंबांना अकरा महिने राहायची सोय केली. दरड कोसळून घर गेलेले, भाडं थकून बाहेर निघालेले, नवरा गेल्यावर सासरहून निघालेल्या बायका, असे लोक येत. अकरा महिन्यांत त्यांचे कागद करायचे, मुलांना शाळेत घालायचं, काम शोधून द्यायचं आणि पुढचं घर बघायचं. दारावरच्या पाटीवर "तात्पुरते कुटुंब निवास" असं लिहिलेलं होतं. गावात सगळे तिला बाईंची चाळ म्हणत.

बाईंची सगळी नोकरी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत गेली होती. रेशनकार्डं करणं, फोडणं, नावं चढवणं, नावं कमी करणं. निवृत्त झाल्यावर त्या चाळीच्या व्यवस्थापक झाल्या. अंगाने बारीक, उंची बेताची, केस मागे घट्ट ओढलेले. साडी नेहमी फिक्या रंगाची आणि पदर खोचलेला. चालताना त्या थोड्या पुढे झुकत, जणू समोरच्या टेबलावरचं काहीतरी वाचायचं आहे.

मी वाचनालयातून निवृत्त झालो होतो आणि माझ्या पत्नीला जाऊन सहा महिने झाले होते. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. बाईंनी माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अक्षर बरं आहे. मंगळवारी आणि शनिवारी या." त्या दिवसापासून पाच वर्षं मी तिथे अर्ज लिहीत होतो. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी "ग्रंथपाल" होतो.

चाळीतल्या कुटुंबांना न्यासाच्या कागदांत "लाभार्थी" म्हणत. बाईंनी तो शब्द चाळीत येऊ दिला नाही. त्यांच्या तोंडी "बिऱ्हाड" असे. सात नंबरचं बिऱ्हाड, तीन नंबरचं बिऱ्हाड. न्यासाच्या एका विश्वस्तांनी एकदा हसून म्हटलं, "बाई, बिऱ्हाड म्हणजे भाडेकरू. ही मंडळी कुठे भाडं देतात?"

"भाडं देत नाहीत, पण भांडी घासतात," बाई म्हणाल्या. "लाभार्थ्याला कुणी भांडी घासायला लावत नाही."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. ऐकणाऱ्याला उत्तर मिळालं की नाही ते कळत नसे, पण पुढे विचारायचा धीर होत नसे.

कुणाच्याही खोलीपाशी गेल्या की त्या दारात न जाता दोन पावलं अलीकडे थांबत आणि खोकत. आतून "या" म्हटल्याशिवाय पुढे होत नसत, दार सताड उघडं असलं तरी. पहिले काही दिवस माणसांना याचा अर्थ लागत नसे. दीर, भाऊ, मालक, सगळे न विचारता आत शिरलेले पाहून ती आलेली असत. बाई बाहेर उभ्या राहून खोकतात आणि आपण "या" म्हणायचं असतं, हे शिकायला कुणाला आठ दिवस लागत, कुणाला महिना. सहा वर्षांची एक मुलगी मात्र दुसऱ्याच दिवशी शिकली. बाई खोकल्या की ती आतून ओरडायची, "आत्ता नको, आई केस विंचरत्ये." बाई निमूट परत जात.

त्यांच्या वाचनाबद्दल सांगायला हवं, कारण आमची मैत्री तिथे जमेल असं मला वाटलं होतं आणि ती तिथे जमली नाही. त्या रोजचं वर्तमानपत्र घेत आणि शेवटून दुसऱ्या पानावरच्या जाहीर नोटिसा वाचत. अमुक मिळकत तमुक यांच्या मालकीची असून कोणाची हरकत असल्यास. एवढंच वाचत, पण अगदी रंगून वाचत. मध्येच हसत, मध्येच "अरे अरे" म्हणत. मी एकदा त्यांना एक जुनी, माझ्या फार आवडीची कादंबरी दिली. नायिका घर सोडून जाते, अशी गोष्ट होती. पंधरा दिवसांनी त्यांनी ती परत केली.

"कशी वाटली?"

"बरी आहे. पण या बाईचं घर कोणाच्या नावावर आहे ते कुठेच लिहिलेलं नाही."

"तो कादंबरीचा विषय नाही."

"मग ती एवढं रडते कशाला?"

मी ती कादंबरी नंतर पुन्हा वाचली. खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं.

एकदा मुंबईहून एक दांपत्य आलं होतं. भली माणसं होती. त्यांना चाळीला एक मोठं सामाईक स्वयंपाकघर बांधून द्यायचं होतं. आचारी, दोन वेळचं गरम जेवण, स्टीलची ताटं. विश्वस्त खूश होते. बाईंनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"छान आहे. पण नको."

त्या गृहस्थांना वाटलं, जागेची अडचण आहे. ते म्हणाले, जागा आपण काढू.

"जागा आहे हो. पण अकरा महिने माणसाला आयतं ताट मिळालं की बाराव्या महिन्यात मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं ते आठवत नाही. तुम्ही दहा शेगड्या द्या. दहाही वेगवेगळ्या द्या. भांडताना आपली ती ओळखू आली पाहिजे."

दांपत्य थोडं दुखावलं, पण शेगड्या आल्या. संध्याकाळी चाळीत दहा प्रकारचे वास येत. कुणाची बांगड्याची आमटी, कुणाचं कुळथाचं पिठलं, कुणाचा नुसता भात. बाई अंगणातून एक फेरी मारत आणि वास घेत. कुठून वास आला नाही तर तिथे थांबत आणि खोकत.

वेगळी चूल हा त्यांच्या सगळ्या कामाचा पाया होता. कचेरीच्या भाषेत चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, आणि कुटुंब वेगळं तरच रेशनकार्ड वेगळं. कार्ड हातात आलं की पत्ता होतो, आणि पत्त्यावर शाळा, गॅस, दवाखाना, सगळं मिळतं. आलेल्या बिऱ्हाडाचं स्वतंत्र कार्ड दोन महिन्यांच्या आत करून देणं ही बाईंची शान होती. त्यांच्याइतकं ते काम जिल्ह्यात कुणाला येत नसेल. सुगंधाच्या बाबतीत चूक झाली ती इथेच झाली.

सुगंधा संगमेश्वरकडच्या एका वाडीतली. तिचा नवरा मुंबईत कामाला होता, तो तिथेच आजारी पडून गेला. ती गावी सासूजवळ दोन मुलींना घेऊन राहत होती. मोठं कौलारू घर, सासऱ्याच्या नावावर. सासरा वारल्यालाही बरीच वर्षं झालेली, वाटणी कधी झालेली नाही. आमच्याकडे बहुतेक घरं अशीच असतात. सासू गेल्यावर मुंबईहून दीर आला, त्याने माजघराला कुलूप घातलं आणि भावजयीला पुढच्या पडवीत राहायला सांगितलं. पावसाळ्यात पडवी गळायला लागली. सुगंधा मुलींना घेऊन भावाकडे गेली. भावाकडे तीन महिने कसेबसे निघाले. दिवाळीनंतर ती मिरकरवाड्यात कोळंबी सोलायच्या कामाला आली आणि तिथल्या बायकांनी तिला आमच्या चाळीत आणून सोडलं.

तिला भाड्याची खोली नको होती. दुसरं घर नको होतं. तिला त्या घरात परत जायचं होतं आणि ती हे पहिल्या दिवसापासून सांगत होती.

"माज्या पोरींचा बापूस त्या घरात जल्मला," ती म्हणाली. "पोरी दुसऱ्याच्या दारात वाढवायच्या नायत मला."

"ठीक," बाई म्हणाल्या. "अकरा महिने आहेत. आधी कार्ड करून घेऊ."

कार्ड वेगळं करायचं तर जुन्या सामाईक कार्डावरून तिची आणि मुलींची नावं कमी व्हायला हवी होती, आणि त्याला कार्डाच्या प्रमुखाची, म्हणजे दिराची सही लागणार होती. बाईंनी सुगंधाच्या सहीचा अर्जच त्याला मुंबईला पाठवला. आठ दिवसांत सही होऊन परत आला. बाईंनी तो मला कौतुकाने दाखवला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी न भांडता सही दिली. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही."

अर्ज मी लिहिला होता, नेहमीच्या नमुन्याप्रमाणे. त्यात एक ठरलेलं वाक्य असे: मी स्वखुशीने विभक्त झाले असून माझी चूल वेगळी आहे. सुगंधाने खाली सही केली. तिची सही सुरेख होती, सातवीपर्यंत शिकलेली होती ती.

मे महिन्यात दीर आंब्यांसाठी गावी आला तेव्हा सुगंधा त्याला भेटायला गेली. एक खोली उघडून द्या, एवढंच मागायला. संध्याकाळी परत आली ती थेट चाळीच्या कचेरीत. मंगळवार होता, मी तिथेच होतो. तिने त्या अर्जाची, दिराने काढून ठेवलेली झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"भावजी म्हनले, तू सोताच लिहून दिलंयस. स्वखुशीनं. सगळ्या वाडीला वाचून दावला त्यांनी. आता वाडीतली मानसं म्हनतात, शहरात चूल मांडलीस ना, मग हितं काय मागतेस."

बाईंनी कागद उचलला. तो त्यांना पाठ होता, तरी त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मग मला म्हणाल्या, "ग्रंथपाल, हे अक्षर तुमचं."

"हो."

"आणि वाक्य माझं." कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तीस वर्षं हे वाक्य मी लोकांकडून लिहून घेतलं. वाचलं कधीच नाही."

एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, या कागदाने हक्क जात नाही, पण कोर्टात जायचं तर निकाल लागेपर्यंत मुलींची लग्नं होतील. तो मार्ग खुला होता आणि उपयोगाचा नव्हता. वाडीत राहायचं तर वाडीने हो म्हणायला हवं होतं.  तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडर काढलं आणि गणपतीच्या तारखेभोवती पेनाने गोल केला. गणपतीत सगळे भाऊबंद एका छपराखाली सापडतात, मुंबईवाले, पुणेवाले, सगळे. ते पुन्हा असे वर्षभर सापडत नाहीत. सुगंधाचा अकरावा महिना त्यानंतर लगेच संपत होता.

आम्ही तिघं गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी घरोघर गौर यायची होती. एसटीने फाट्यापर्यंत आणि तिथून पायी उतरण. भात पोटरीला आलं होतं. मुली चाळीत शेजारच्या बिऱ्हाडाकडे ठेवल्या होत्या. रस्त्यात बाईंनी सुगंधाला एकच सूचना दिली, "तू बोलू नकोस. पाया पड सगळ्यांच्या. दिराच्यासुद्धा."

घरापुढच्या खळ्यात मांडव होता. आत गणपतीपुढे आरती चालू होती, ती संपेपर्यंत आम्ही बाहेर थांबलो. मग माणसं खळ्यात आली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. दत्ताराम, म्हणजे सुगंधाचा दीर, पन्नाशीचा, नीटनेटका, पांढऱ्या शर्टातला माणूस. आवाज न चढवता बोलत होता.

"बाई, तुम्ही सरकारी की खाजगी?"

"निवृत्त."

मागे कुणीतरी हसलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मोहिते म्हंजे कुठले?"

या प्रश्नाला आमच्याकडे एकच अर्थ असतो. बाईंनी त्यांच्या गावाचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "बौद्धवाडीतले." चहा आला. मला आणि बाकीच्यांना स्टीलच्या कपातून, बाईंना कागदाच्या. मी माझा कप हातात घेऊन बसलो.  बाई चहा पूर्ण प्यायल्या, कप चेपून त्यांनी पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "साखर बरोबर आहे."

"आता सांगा," दत्ताराम म्हणाला. "आमच्या घरात तुमचं काय काम?"

"काम काही नाही. माझी एक चूक झाली आहे, ती सांगायला आले. तुमच्याकडे जो कागद आहे तो या मुलीने लिहिलेला नाही. हे गृहस्थ लिहितात, मी सांगते. तिला मी म्हटलं, इथे सही कर, तिने केली. ती स्वखुशीने वेगळी झाली नाही. तिची चूल वेगळी मी केली. कार्ड लवकर व्हावं म्हणून. मला वाटलं, मी हुशार आहे."

 बाई उठून उभ्या राहिल्या नाहीत, हात जोडले नाहीत. कचेरीत चुकीची तारीख दुरुस्त करावी तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. पाच वर्षांत मी त्यांच्या तोंडून "चूक" हा शब्द दुसऱ्याच्या संदर्भातच ऐकला होता.

दत्ताराम म्हणाला, "सही तर तिचीच हाय ना. उद्या मी सही करून सांगितलं, मला कळलं नाय, तर कंपनी ऐकेल?"

काही माणसांनी माना हलवल्या. त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. सुगंधा खांबाशी उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि डोळे घराच्या आतल्या दाराकडे होते.

तेवढ्यात पायरीवर बसलेली एक म्हातारी बोलली. ही दत्तारामच्या वडिलांची बहीण, जनाआते. तिला वर्षातून एकदा, गौरीसाठी, माहेरी आणत. ती वाती वळत होती आणि वर न बघता बोलली.

"दत्या, हिचा ववसा कुठं झाला?"

"आते, तो विषय नाय आता."

"मी इचारते, कुठं झाला?"

नवी सून लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सूप भरून घरच्या गौरीपुढे ओवाळते, तो ओवसा. त्या दिवसापासून ती त्या घराची मानली जाते. आतेनेच पुढे सांगितलं.

"ह्याच खळ्यात सूप घेऊन उभी व्हती. पाऊस लागला म्हनून मी डोक्यावर इरलं धरलं. तुझ्या आयशीनं तिला हाताला धरून गवरीफुडं नेली. तुझी बायको तवा मागं उभी राहून हसत व्हती, इचार तिला." आत दाराशी उभी असलेली दत्तारामची बायको वंदना जराशी मागे सरली. "ह्या बायनं कार्डावरनं नाव काढलंन, तिची चूक ती सांगून ऱ्हायली. गवरीफुडनं हिला काढायचा कागद हाय काय तुझ्याकडं? असला तर उद्या गवर आली की तिला वाचून दाव. मी आयकते."

 म्हातारे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "दत्ता, मागचा गोठा रिकामाच हाय." गुरं विकल्याला चार वर्षं झाली होती. गोठ्यात लाकडं रचलेली होती. माजघर मिळणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं, आणि गोठ्याला नाही म्हणता येणार नाही हे दत्तारामला कळलं.

"गोठा चालेल?" बाईंनी सुगंधाला विचारलं.

"म्हशीला चालत व्हता," सुगंधा म्हणाली. त्या दिवशी ती तेवढं एकच वाक्य बोलली.

बाईंनी गोठ्याभोवती दोनदा फेरी मारली, जोतं बघितलं, पाणी कुठून वाहतं ते बघितलं. मग मला खळ्यात बसवून संमतीपत्र लिहायला लावलं. गोठ्याची जागा आणि त्यापुढचं अंगण सुगंधा व तिच्या मुलींच्या वहिवाटीस, बांधकामास सर्व वारसांची संमती. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं. एकदा मला, एकदा दत्तारामला आणि शेवटी सुगंधाला. मी सवयीने "स्वखुशीने" लिहिलं होतं. त्यांनी पेन काढून तो शब्द खोडला आणि शेजारी दत्तारामची सही घेतली.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी कागदी कपाबद्दल काही बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "ग्रंथपाल, ते मला नवीन नाही आणि त्यांनाही नाही. आज माझं काम दुसरं होतं." थोड्या अंतराने म्हणाल्या, "पण तुम्ही बघितलंत, ते बरं झालं."

अकरा महिन्यांची मुदत बाईंनी कधी कुणाला वाढवून दिली नव्हती. एक बिऱ्हाड थांबलं की बाहेरचं एक थांबतं, असं त्या म्हणत. सुगंधासाठी त्यांनी दोन महिने मागितले. तो अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला नाही. स्वतः लिहिला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: व्यवस्थापकाची चूक. विश्वस्तांना ते वाक्य बदलून हवं होतं. बाईंनी बदललं नाही. अर्ज मंजूर झाला.

त्या दोन महिन्यांत त्या दर रविवारी वाडीत जात. गोठ्याचे जुने चिरे काढून नवे बसवले जात होते, जमीन उचलून घेतली जात होती. गवंडी कसा आहे, कौलं किती फुटकी निघाली, हे त्या मला मंगळवारी सांगत. डॉक्टरांनी त्यांना चढ-उतार करू नका म्हणून सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये सुगंधाने चाळ सोडली. टेम्पोत सामान थोडंच होतं. शेगडी, दोन ट्रंका, मुलींची दप्तरं. मी आणि बाई टेम्पोच्या मागे एसटीने गेलो. गोठ्याची दोन खोल्यांची जागा झाली होती. आतून चुना, खाली शहाबादी, मागच्या बाजूला एक खिडकी, तिच्यातून बांबूचं बेट दिसत होतं. पूजा वगैरे काही नव्हती. सुगंधाने दूध उतू घालवलं, मग भात लावला. धाकटी मुलगी सारखी बाहेर जाऊन आत येत होती, दारातून आत यायची सवय करत असल्यासारखी.

आम्ही जेवलो. बाईंनी वालाची उसळ दोनदा मागून घेतली. मग बाहेरच्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या आणि मोठ्या मुलीला विचारू लागल्या, गावातल्या शाळेत इंग्रजीला मास्तर आहेत की नाहीत. मुलगी सांगत होती. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो, तिथे सुगंधाने मला चुलीसाठी केलेला कट्टा दाखवला, त्यात थोडा वेळ गेला. परत आलो तेव्हा मुलगी तोंडावर बोट ठेवून बसली होती.

बाई झोपल्या होत्या. पाय सरळ पसरलेले, हात मांडीवर, मान एका खांद्याकडे कललेली. तोंड किंचित उघडं होतं, श्वास संथ चालला होता. चष्मा नाकावरून घसरला होता. सुगंधाने तो काढून खिडकीच्या फळीवर ठेवला तरी त्यांना कळलं नाही. तिने ट्रंकेतून चादर काढून त्यांच्या पायांवर घातली. भांडी लावायची राहिली होती, ती एकेक उचलून, वाजू न देता लावली जाऊ लागली.

दारात सावली पडली. वंदना होती, दत्तारामची बायको, चार दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेली. तिच्या हातात ताटलीने झाकलेलं पातेलं होतं. ती आत यायला निघाली आणि भिंतीकडे लक्ष जाताच उंबऱ्याशीच थांबली.

"निजल्यात?" तिने हळू विचारलं.

"आत्ताच डोळा लागला," सुगंधा म्हणाली.

"ऱ्हावदे मग. ताक हाय. उठल्या की दे." वंदनाने पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि ती चपलांचा आवाज न करता खळ्याकडे गेली.

माझी एसटी चारची होती. बाई संध्याकाळच्या गाडीने येणार होत्या, तसं आमचं ठरलं होतं. मी पिशवी घेतली. निरोप घ्यायला म्हणून एकदा त्यांच्यासमोर उभा राहिलो. मागच्या खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोहोचलं होतं. मोठ्या मुलीने उठून खिडकीचं एक दार ओढून घेतलं आणि मी बाहेर येऊन वाट चढायला लागलो.